काडतुसांना ऊन

हसन,

लोक येतात, बसतात आणि तू किती गरीब स्वभावाचा होतास ते मला सांगतात. मान खाली घालून जगला, कुणाला उलटून बोलला नाही, म्हणतात. मी चहा देते आणि गप्प बसते. मी तुझी थोरली बहीण, तुझी बुबू. माय भांडत असताना तू पाटावरून उठून जायचास आणि दोन-दोन दिवस घरात कुणाशी बोलायचा नाहीस, ते यांनी कुठे पाहिलंय.

खरं तर मला तुझ्याशी भांडायचं आहे. ते राहून गेलं आहे आणि आता तुला उठून जाता येणार नाही.

मस्कतला तू आधी आलास. रुवीत अर्बाबच्या दुकानात लागलास. मालकाला इथे अर्बाब म्हणायचं, हे तूच मला शिकवलंस. शिकारीचं सामान, बारा बोअरची काडतुसं, बंदुकांची तेलं, चामड्याचे पट्टे. माझा नवरा गेल्यावर तू अर्बाबला सांगून मला त्याच्या घरी स्वयंपाकाला बोलावून घेतलंस. त्याबद्दल मी तुला कधी बरं बोलले नाही. बोलले असते तर तू चढला असतास. पण सासरच्या दारात जन्म काढायची पाळी आली नाही ती तुझ्यामुळे, हे मला कळत होतं.

शुक्रवारी मी वादी अदाईला तुझ्या खोलीवर यायचे. मी मासे साफ करायचे आणि तू कंपनीची गोष्ट सुरू करायचास. ती अमेरिकेची काडतुसांची कंपनी, जिचा माल अर्बाब मागवायचा. बायकोला गावी ठेवून आलेला तू, तिच्या माहेराबद्दल कधी चार वाक्यं बोलला नाहीस. कंपनीबद्दल मात्र सासुरवाडीसारखा बोलायचास.

"बुबू, आधी तो माणूस नुसते छरे करायचा. उंच मनोरा बांधला होता. वर शिसं वितळवायचं, चाळणीतून खाली सोडायचं. पडता पडता थेंब गोल होतो. खाली पाण्याचा हौद."

"म्हणजे बुंदी."

"बुंदीच. पण शिशाची."

मग पुढची पिढी. पितळेचं बूड, वर कागदाची नळी, आत दारू, तिच्यावर दाबून बसवलेला डाट आणि छरे. मग लढाया. लढाई आली की कारखाना रात्रंदिवस चालायचा, लढाई संपली की माणसं घरी बसायची. तुला हे सगळं कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं. तो एकदा रुवीच्या दुकानात आला होता, अर्बाबला एक पुस्तक आणि तुला एक टोपी देऊन गेला. पुस्तक अर्बाबने तुलाच देऊन टाकलं. त्यातली इंग्रजी तुला धड वाचता येत नव्हती, पण चित्रं तू मला बोट ठेवून दाखवायचास. एका चित्रात लांबच लांब बाकावर मुली बसल्या होत्या. डोक्याला फडकी बांधलेल्या.

"या काय करतात?"

"दारू भरतात. बायकांची बोटं बारीक असतात ना."

"भाजल्या किती?"

"ते पुस्तकात नाही."

"मग पुस्तक अर्धं आहे, हसन."

तुला ते आवडलं नाही. पुढच्या शुक्रवारी तू मनोऱ्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितलीस, पण मुलींचं पान उघडलं नाहीस. मी पण विचारायचं सोडलं नाही. हे आपलं भांडण कित्येक वर्षं चाललं आणि संपलं नाही. ज्याच्यात दारू भरायची असते त्याची गोष्ट सांगताना हात कुणाचे होते ते सांगावं लागतं, असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते.

दुकानाच्या मागच्या खोलीत कागदाच्या काडतुसांचे जुने खोके होते. लाल कागद, पितळेवर कंपनीचा छाप. अर्बाबच्या बापाने आणलेले. कंपनीने कागद सोडून प्लास्टिक धरलं त्याला किती वर्षं झाली होती, पण ते खोके अर्बाबने विकले नव्हते. त्याच्या बापाने त्याच्या लग्नात तीच काडतुसं आभाळात झाडली होती. अर्बाबच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा अर्बाब तुला म्हणाला, "हसन, जुनी लाल काढ. माझ्या मुलाच्या लग्नात माझ्या बापाची काडतुसं वाजणार." तू आनंदाने मला फोन केलास. मी कांदा परतत होते. जणू तुझ्याच मुलाचं लग्न.

आणि मग पाऊस झाला. इथला पाऊस आपल्याकडचा नाही. इथे डोंगरावर पडतो आणि रस्त्यावरून येतो. रुवीत वादीचं, एरवी कोरड्या असलेल्या ओढ्याचं, पाणी दुकानांत शिरलं. नवा माल फळीवर होता. जुने खोके तू जमिनीवर ठेवले होतेस, लग्नाला न्यायचे म्हणून पुढे काढून.

त्या शुक्रवारी मी आले तर तू जिन्यात उभा होतास आणि मला आत जाऊ देत नव्हतास.

"बुबू, ओरडू नकोस."

"अजून मी काही पाहिलंही नाही."

वर गच्चीवर तुझी चादर पसरलेली आणि चादरीवर काडतुसं. ओळीने, एकमेकांपासून सुटी. माय अंगणात बोंबील मांडायची तशी. आपल्या घरात भिजलेल्या वस्तूवर एकच इलाज होता, तिला ऊन दाखवायचं. कोकमं, सुकट, गाद्या, पुस्तकं, भिजलेलं पोर. तू तोच इलाज केलास. मस्कतचं ऊन आहे, दोन उन्हांत वाळतील, म्हणालास. शेजारची मल्याळी बाई आपले कपडे घ्यायला वर आली आणि तिने विचारलं, हे काय. तू गोंधळलास. मी म्हटलं, सुकट. ती वास घेत खाली गेली.

"अर्बाबला सांग," मी म्हटलं.

"काय सांगू? तुझ्या बापाचा माल मी जमिनीवर ठेवला?"

"तेच सांग."

"गावाला पाठवील मला."

"मग जा गावाला. हात-पाय शाबूत असलेला माणूस कुठेही जेवतो."

तू ऐकलं नाहीस. तुझ्या दोन मुलींची लग्नं व्हायची होती, ते तू बोलला नाहीस पण मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करून सांगितलंस, कागद फुगला होता तो बसला, आता बंदुकीच्या नळीत सरळ जातात. "बघ बुबू, जशीच्या तशी." मी म्हटलं, सुकट वरून खडखडीत वाजते आणि आत ओली राहिली तर किडे पडतात, तुझ्या काडतुसाच्या आतलं तुला कसं कळणार? एखादं झाडून बघ. तू म्हणालास, वादी अदाईत बंदूक वाजवली तर पोलीस येतील, आणि परत म्हणालास, "कंपनीचा माल आहे. दोन लढाया पाहिल्यात त्या कारखान्याने. रुवीच्या पाण्याला काय घाबरायचं."

लग्न डोंगराआड, अर्बाबच्या गावी होतं. बसमध्ये तू माझ्या पुढच्या बाकावर. खिडकीबाहेर बघत, मागे न वळता मला म्हणालास, "बुबू, एखादं काडतूस धाड न वाजता फुस्स झालं, तर डाट नळीत अडकून राहतो. त्याच्यावर दुसरं झाडलं की नळी फुटते. हात जातो. कधी डोळे."

"हे तू मला आता सांगतोस?"

"होणार नाही तसं. नुसतं सांगून ठेवतोय."

"मला कशाला? अर्बाबला सांग. पुढे बसलाय, जा."

तू गेला नाहीस. तुझ्या मानेवर घाम होता आणि बसमध्ये एसी चालू होता.

बायकांची बाजू खजुरीच्या झापांनी आडोसा केलेली. पलीकडे ढोल. पुरुष दोन रांगांत, हातात तलवारी, मधे मोकळी जागा. अर्बाबचा थोरला भाऊ, ज्याला आपण सगळे थोरला अर्बाब म्हणायचो, एकनळी बंदूक घेऊन मधोमध. पहिली गोळी वाजली तशी बायकांनी जिभा घोळवून आनंदाचा गजर केला आणि हसल्या. मी हसले नाही. मी प्रत्येक आवाज कान देऊन ऐकत होते. धाड. पुन्हा धाड. तू ढोलवाल्यांच्या मागे उभा होतास, मला झापांच्या फटीतून दिसत होतास. मीही ऐकतेय ते तुला माहीत होतं. इतक्या माणसांत फक्त आपण दोघं काडतुसं ऐकत होतो, बाकी सगळे लग्न ऐकत होते.

मग फुस्स झालं.

कुणाला कळलं नाही. ढोल चालूच होते. थोरल्या अर्बाबने बंदूक मधून मोडून उघडली, टरफल टाकलं, पट्ट्यातून दुसरं काडतूस काढून आत सरकवलं. मी उभी राहिले. मालकाच्या घरच्या लग्नात मी बाई, स्वयंपाकीण, परक्या पुरुषांच्या रांगेत ओरडणार तरी काय.

तू धावलास. तलवारींची रांग मोडून, चप्पल तिथेच सोडून. त्याने बंदूक वर उचलली होती. तू दोन्ही हातांनी नळी धरून जमिनीकडे दाबलीस.

ढोल थांबले. तिथल्या माणसाच्या हातातली बंदूक, त्याच्या पुतण्याच्या लग्नात, सगळ्या गावासमोर एका नोकराने धरावी, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. थोरल्या अर्बाबने तुला थोबाडीत मारली. तो आवाज मला झापांपलीकडे ऐकू आला. तुझी टोपी पडली. तू नळी सोडली नाहीस. त्याने पुन्हा हात उचलला, तरी सोडली नाहीस.

आपला अर्बाब मधे आला. त्याने बंदूक घेतली, उघडली, काडतूस काढलं आणि नळी डोळ्याला लावून वर पाहिलं. नळीतून आभाळ दिसेना. त्याने काठी मागवली आणि घालून ढकलली. काळा डाट वाळूत पडला.

थोरल्या अर्बाबने आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग तुझ्याकडे.

इथपर्यंत मी तुझ्या बाजूने आहे, हसन. इथपर्यंत तू केलंस ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. तू इथेच थांबला असतास तर घरी आल्यावर मी तुला जवळ घेतलं असतं.

कारण मग अर्बाब रागाने म्हणाला, "सडका माल. खलास. या कंपनीचं काही नको मला." आणि तू वाळूतली टोपी उचलता उचलता म्हणालास, "नाही अर्बाब. माल चांगला होता. पाण्यात भिजला. मी उन्हात वाळवला आणि तुम्हाला सांगितलं नाही."

कुणी तुला विचारलं होतं का? दोष कंपनीच्या डोक्यावर आपणहून जाऊन बसला होता. कंपनी समुद्रापलीकडे. तिला तुझ्या तोंडून कुणी काही विचारणार नव्हतं. तू नुसतं गप्प बसायचं होतंस, आणि गप्प बसणं तर तुला लहानपणापासून येत होतं.

परतीच्या बसमध्ये मी तुला सोडलं नाही.

"त्या कंपनीला तुझं नाव माहीत आहे?"

"नाही."

"तिचं काही बुडालं असतं?"

"नाही."

"मग?"

"माल चांगला होता, बुबू."

एवढंच. मी तुला मूर्ख म्हटलं, बुळा म्हटलं. थप्पड खाऊन वर स्वतःची चूक सांगणारा, म्हटलं. तू खिडकीबाहेर बघत राहिलास.

अर्बाबने तुला गावाला पाठवलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. पण दुकानाची किल्ली घेतली. मवालेहच्या भाजीबाजारात त्याचा गाळा होता, तिथे तुला बसवलं. कांदे, बटाटे, पाकिस्तानी संत्री. मी विचारलं, कसं वाटतं. म्हणालास, "बरं आहे. कांदा फुसका निघाला तर कुणाचा हात जात नाही." मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला.

पुढे कधीतरी तुला रुवीच्या दुकानातून बातमी लागली. कंपनी विकली गेली, जुना कारखाना बंद झाला. खोक्यांवर नाव तेच, पण भरतात दुसरीकडे. त्या शुक्रवारी तू जेवला नाहीस. मी म्हटलं, "विधवेसारखी इद्दत पाळतोस काय?" तू रागावला नाहीस. म्हणालास, "त्या मुली कुठे गेल्या असतील गो, बुबू. भरणाऱ्या." इतक्या वर्षांनी तू ते पान उघडलंस. मी तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हटलं, जेव, आमटी गार होतेय.

तू मवालेहला, संत्र्यांच्या पेट्यांवर बसल्या बसल्या गेलास. पाणी मागितलंस आणि पाणी येईपर्यंत खलास, असं गाळ्यावरचा माणूस म्हणाला. तुला आमेरातच्या कब्रस्तानात नेलं. आम्ही बायका तिकडे जात नाही. कोण होतं, कुणी माती दिली, ते मी ऐकून घेतलं.

आता ज्यासाठी लिहितेय ते.

काल थोरला अर्बाब तुझ्या खोलीवर आला. म्हातारा झालाय, दोन माणसांनी जिना चढवला. मी पडद्याआड बसले. कॉफी आणि खजूर पुढे केले. त्याने कप घेतला आणि न पिता खाली ठेवला. यांच्या घरात इतकी वर्षं काढलीत, त्याचा अर्थ मला कळतो. पाहुण्याने कॉफी खाली ठेवली म्हणजे त्याला काही मागायचं आहे. यजमानाने हो म्हटलं तर तो पितो, नाही तर कप तसाच राहतो.

मी माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं, "काय पाहिजे?"

तो म्हणाला, "तुझा भाऊ दर ईदला माझ्या घरी यायचा. मी कॉफी द्यायचो, तो खाली ठेवायचा."

मला हे ठाऊक नव्हतं. ईदला दुपारी तू कुठे जायचास ते मी कधी विचारलं नाही. मित्राकडे असशील, असं धरून चालले.

"मी विचारायचो, काय पाहिजे," म्हातारा म्हणाला. "तो म्हणायचा, काडतुसं वाळवली ती माझी चूक, ती मी सगळ्यांसमोर सांगितली. तुम्ही मारलंत ते बंदूक धरल्याबद्दल. बंदूक धरली ते बरोबर होतं. तुम्ही पण सगळ्यांसमोर सांगा. मी म्हणायचो, पैसे घे, जावयाला नोकरी लावतो. तो उठून जायचा. पुढच्या ईदला परत यायचा."

हसन, मी तुला बुळा म्हणत होते आणि तू ऐकून घेत होतास. आणि तिकडे दर वर्षी, मवालेहचा कांदेवाला, त्या माणसाच्या दिवाणखान्यात जाऊन त्याची कॉफी जमिनीवर ठेवून येत होतास. मला सांगितलं असतंस तर मी तुझ्याबरोबर आले असते. बाहेर गाडीत बसले असते.

म्हातारा म्हणाला, "आता तो नाही. तू त्याची बहीण आहेस. तू माफ कर."

मी विचारलं, "लोकांसमोर बोललात?"

"नाही."

"मग मी काय माफ करू?"

"जे होते त्यातले अर्धे मेले, बहिणी."

"अर्धे आहेत ना."

कॉफी पार गार होईपर्यंत तो बसून राहिला. मग माणसांना हाक मारून उठला. कप तसाच राहिला. जिन्यावरून त्याच्या काठीचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता आणि मला वाटलं, संपलं. म्हाताऱ्या माणसाला मी दारातून रिकामं पाठवलं, तुझ्या नावाने. तू असतास तर काय म्हणाला असतास, त्याचा विचार करत मी तुझी भांडी घासली.

आज सकाळी आपल्या अर्बाबचा फोन आला. थोरल्याने उद्या गावी माणसं बोलावली आहेत. जेवढी उरलीत तेवढी. कशासाठी ते सांगितलेलं नाही. मला आणायला गाडी पाठवतोय. अर्बाब घाबरल्यासारखा विचारत होता, "तू त्याला काय म्हणालीस?" मी म्हटलं, काही नाही, कॉफी दिली.

तेव्हा उद्या मी जाईन. पुन्हा बायकांच्या बाजूला, आडोशाच्या मागे बसेन. तो आजारी आहे, थकलाय, कदाचित तुझ्यासाठी दुआ मागून गप्प बसेल. कदाचित म्हणेल, हसन चांगला माणूस होता, गरीब होता. तसलं मी पुष्कळ ऐकलंय. मला फक्त एक वाक्य ऐकायचं आहे, की त्या दिवशी हसनने बंदूक धरली ते बरोबर होतं, मी मारलं ते चूक.

काडतुसांबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही, ते वेगळं. ते आपल्या दोघांतलं आहे, त्यात या लोकांना मी घेत नाही. अर्बाबला बसमध्येच सांगायला हवं होतंस, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

पण उद्या माणसं उठायच्या आधी बायकांकडे कॉफी येईल. तो पूर्ण बोलला असेल, तर तुझ्या वाट्याची मी पिईन. अर्धं बोलला असेल, तर कप कुठे ठेवायचा ते मला माहीत आहे.

बुबू